दाराखालून आलेली केबल

गाणी माझ्याकडे आली तेव्हा पक्की झालेली नव्हती. नऊ फायली, त्यांना नावांऐवजी नुसते आकडे, मिक्सिंग अर्धवट आणि सोबत गायिकेचा निरोप: ‘कव्हर हातानं काढलेलं हवंय. हातानं काढल्यासारखं दिसणारं नको, खरंच हातानं. बाकी तुझं तू ठरव.’ चार जणांचा बँड, पाठीशी कुठली कंपनी नाही, रेकॉर्डिंगपासून छपाईपर्यंत सगळं स्वतःच उभं करायचं. पहिलाच अल्बम, आणि तो बारा इंची रेकॉर्डवरही काढायचा असा चौघांचा हट्ट. मी तोवर पुस्तकांसाठी चित्रं काढत आले होते. गाण्यांसाठी कधीच नाही.

पुस्तकांच्या सवयीनं वाटलं, आधी गाण्यांचे शब्द मागवावेत. मग मुद्दाम मागवले नाहीत. शब्द हाती आले की माझा हात नामांच्या मागे धावतो. ओळीत नदी आली की नदी, खिडकी आली की खिडकी. असं कव्हर गाण्यानं एकदा सांगितलेलं पुन्हा सांगत बसतं. म्हणून पहिला आठवडा मी फक्त ऐकलं. एका गाण्याला एक कागद, डोळे मिटलेले, पेन्सिल उचलायची नाही, गाणं चालेल तशी रेघ चालवायची.

नऊ कागद शेजारी शेजारी मांडले तेव्हा प्रत्येकाच्या सुरुवातीला तेच दिसलं: एक गच्च ठिपका आणि त्याच्यापुढे बोटभर सरळ, न हलणारी रेघ. फायली पुन्हा लावल्या. ठिपका म्हणजे गिटारमध्ये केबलचं टोक, म्हणजे जॅक, घालताना स्पीकरमधून येणारा ‘ठप्प’ असा आवाज, आणि रेघ म्हणजे त्यानंतरची अँपची, गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या पेटीची, घूं. गाणं सुरू व्हायच्या आधीचा हा तुकडा एरवी कापून टाकतात. यांनी तो ठेवला होता, नऊच्या नऊ गाण्यांत. विचारलं तर गिटारवाला म्हणाला, ‘‘तो कापला की आम्ही तिथं नव्हतोच असं वाटतं.’’ हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पुढच्या तीन महिन्यांत जिथं जिथं गाडी अडली तिथं तिथं मी याच वाक्याशी परत आले.

रेकॉर्डिंगचे शेवटचे दोन दिवस उरले होते, तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. एका घराच्या सगळ्यात वरच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. मी जिना चढून गेले तर दार बंद, आत टेक सुरू. जिन्यातला दिवाही बंद, कारण तो गुणगुणायचा आणि ती गुणगुण माइकमध्ये यायची. मी तशीच वरून चौथ्या पायरीवर बसले. वीसेक मिनिटं बसले असेन. बंद दारातून खालचे सूर येतात, वरचे आतच अडकतात. बेस पायऱ्यांच्या लाकडातून कळत होता आणि गायिकेचा आवाज मात्र शब्द गळून, नुसता आकार होऊन येत होता. दाराखाली उजेडाची एक फट होती. त्या फटीतून एक काळी केबल बाहेर आली होती आणि पायऱ्यांवरून खाली गेली होती. अँपचा आवाज गायिकेच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून त्यांनी अँप खालच्या वळणावर नेऊन ठेवला होता.

दार उघडलं तेव्हा माझ्याकडे कव्हर होतं. निदान मला तसं वाटलं.

कामाच्या अटी आम्ही त्याच संध्याकाळी लिहून काढल्या. मैत्रीत लिहायचं कशाला, असं चौघांनाही वाटत होतं. मला मात्र मैत्री टिकावी म्हणूनच ते लिहिलेलं हवं होतं. चित्राचा मूळ कागद माझा. अल्बम आणि त्याच्या जाहिरातीसाठी चित्र वापरायचा हक्क त्यांचा. शर्टांवर, पोस्टरवर छापायचं असेल तर वेगळं बोलायचं. आणि सगळ्यात उपयोगी ठरलेलं कलम: चौघांची मतं कितीही असोत, माझ्यापर्यंत ती एकाच माणसाकडून येतील. ते काम बेसवाल्यानं घेतलं. आधी चौघं आपसात भांडत आणि मग तो मला एका परिच्छेदात सगळं सांगत असे. ही सोय नसती तर मी हे काम मध्येच सोडलं असतं.

माप छापखान्याच्या साच्यातून आलं. पुढची बाजू 315 मिलिमीटर, मागची तेवढीच, मधला स्पाइन, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारी अरुंद कड, 3 मिलिमीटर, शिवाय चारी बाजूंनी 3 मिलिमीटरचं ब्लीड, म्हणजे कापणीत निघून जाणारी जास्तीची जागा. बरेच चित्रकार मूळ चित्र दीडपट मोठं काढतात. ते लहान करून छापलं की रेघ आवळून येते, हाताचा कंप झाकला जातो. मला तो झाकायचा नव्हता. त्यामुळे पुढची-मागची बाजू मिळून एकच चित्र, आहे त्याच मापात, एका अखंड कागदावर काढायचं ठरवलं. ऐकणाऱ्याच्या हातात जी रेघ पडेल ती माझ्या हातून सुटली तेवढ्याच जाडीची असेल.

पुढच्या बाजूला जिन्याचा अंधार, वर दाराची फट, फटीतून निघालेली केबल. ती पायऱ्या उतरत डावीकडे जाते, स्पाइन ओलांडते आणि मागच्या बाजूला पोचते. तिथं पायऱ्या उजळत जातात आणि केबल एका मोकळ्या जॅकशी संपते. अँप मी काढलाच नाही. गिटारवाल्याला तो हवा होता. माझं म्हणणं असं की अँप आला की ते रेकॉर्डिंगचं चित्र होतं, आणि तो नसला की जॅक कुठंतरी लागायचा बाकी राहतो. रेकॉर्डवर सुई टेकली की पहिला आवाज तोच आहे, ‘ठप्प’. या मुद्द्यावर तो एका क्षणात राजी झाला.

मग मी तीन आठवडे घालून एक चूक केली.

अंधार रेघांनी विणायचा असं माझ्या डोक्यात होतं. 0.2 मिलिमीटरचा पेन, रेघांच्या मध्ये साधारण दुप्पट जागा, एका थरावर दुसरा तिरका थर, त्यावर तिसरा. क्रॉसहॅचिंगचं हे काम मला मनापासून आवडतं. मनगट एका लयीत पडतं आणि कागदावर काळोख हळूहळू साठत जातो. चित्र पूर्ण झालं, जवळून देखणं होतं, अजूनही आहे. त्याचा फोटो बेसवाल्याला पाठवला. त्यानं तो गाण्यांच्या अॅपमध्ये दिसेल त्या मापाचा करून, इतर एकोणीस कव्हरांच्या यादीत घालून मला परत पाठवला. एकोणीस कव्हरं दिसत होती. विसाव्याच्या जागी राखाडी फडकं होतं.

मी तेव्हा कागदावर हिशेब मांडला आणि तो आधी का मांडला नाही याचं फार वाईट वाटलं. यादीतलं चित्र समजा 64 पिक्सेलचं असेल, तर 315 मिलिमीटरचं कव्हर 64 घरांत बसवायचं. म्हणजे एका पिक्सेलच्या वाट्याला जवळजवळ 5 मिलिमीटरचा चौकोन. त्या चौकोनात माझ्या सात-आठ रेघा आहेत की एक, याचं पिक्सेलला काहीच नाही. त्याला फक्त सरासरी कळते. आणि सरासरी काय? 0.2 ची रेघ, 0.4 ची जागा, म्हणजे शाई एक तृतीयांश. दुसरा थर घातला की सुमारे 56 टक्के. तिसरा घातला की 70 टक्के. तीन आठवडे घासून मी ज्याला काळोख समजत होते तो तीस टक्के पांढरा होता.

कव्हर लांबून हाक मारण्यासाठीच जन्माला आलं, हे मला ऐकून माहीत होतं. एका बाजूला तीन-चार मिनिटंच मावणाऱ्या 78 आरपीएम तबकड्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) पूर्वी पुस्तकासारख्या बांधलेल्या पाकिटांत मिळत, त्यावरून अल्बम हा शब्द आला. ती पाकिटं साधी, करड्या-तपकिरी कागदाची, वर नुसतं नाव. 1940 मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये अॅलेक्स स्टाइनवाइस यांनी त्यांवर चित्रं छापायला लावली, ती दुकानात लांबूनही नजरेत भरावीत म्हणून. आता दुकानाच्या काचेऐवजी फोन आहे आणि लांबी अंतराची नसून मापाची आहे, एवढाच फरक. मी कव्हर मांडीवर घेऊन बसलेल्या माणसासाठी काढलं होतं. तो माणूस खराच आहे, माझ्यासाठी तोच महत्त्वाचा आहे. पण मांडीवर घेण्याआधी त्याला ते कुठंतरी नखाएवढं दिसलेलं असतं.

ते चित्र गुंडाळून ठेवलं आणि नखापासून सुरुवात केली. वहीच्या पानावर दीड-दीड सेंटिमीटरचे चौकोन आखले आणि जाड ब्रशनं, पेनला हात न लावता, नुसत्या काळ्या-पांढऱ्याच्या जागा ठरवल्या. साठेक चौकोन झाले असतील. फट किती रुंद, किती उंचावर, केबलचा बाक कुठून सुटतो. यातली एक गंमत सांगायलाच हवी: वास्तवात फट दाराइतकीच रुंद होती, आणि चौकोनात तशी काढली की ती नुसती आडवी पट्टी वाटायची, दार वाटायचंच नाही. मग दार किंचित किलकिलं केलं. खालची आडवी फट आणि बाजूची उभी फट मिळून उजेडाचा एक काटकोन झाला. तो काटकोन आणि त्यातून निघालेली एक वाकडी पांढरी रेघ, एवढंच नखावर उरलं. ते पुरलं. वीस कव्हरांच्या यादीत ते लगेच सापडत होतं.

दुसऱ्या चित्राचा क्रम म्हणून उलटा झाला. आधी काळ्याचं वजन, ब्रशनं, भरीव. मग रेघा, आणि त्या फक्त तिथं जिथं उजेड अंधाराला शिवतो: पायऱ्यांच्या कडा, दाराच्या लाकडाचे तंतू, भिंतीवरचा हात लागून गुळगुळीत झालेला पट्टा. पहिल्या चित्रात जेवढ्या रेघा होत्या त्याच्या दहाव्या हिश्शानं काम झालं, आणि प्रत्येक रेघ दिसत होती.

केबल पांढरी सोडायची होती. अंधारात ती फटीच्या उजेडानं चमकते आणि मागच्या बाजूला, पायऱ्या उजळल्या की तीच काळी दिसायला लागते. पांढरी ठेवण्याचे सोपे मार्ग आहेत. चिकट द्रव लावून झाकता येते, काळ्यावर नंतर पांढरा रंग देता येतो. दोन्ही मी करून पाहिले. झाकून ठेवलेल्या रेघेची कड सुरीनं कापल्यासारखी येते आणि वरून दिलेला पांढरा कागदाच्या पांढऱ्याशी जुळत नाही. शेवटी पेन्सिलीनं केबलच्या दोन कडा आखल्या आणि इंडियन इंक ब्रशनं त्या कडांपर्यंत आणत गेले. कागद ओला करून, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून आधीच ताणून घेतला होता, नाहीतर एवढी शाई प्यायल्यावर तो पापडासारखा उठला असता. ब्रशचं टोक कडेला टेकवायचं, श्वास थांबवायचा, दोन बोटं ओढायचं, उचलायचं. शाई सुकायच्या आत पुढचा फराटा त्याच्याशी मिळाला पाहिजे, नाहीतर जोडावर चकचकीत वळ राहतो. सुमारे सव्वा मीटर केबल, तिच्या दोन्ही कडा. दोन दिवस गेले. कुठं कड अर्धा मिलिमीटर आत आली, कुठं बाहेर गेली. ती तशीच आहे.

मी केबलचा फोटो पाठवला आणि बेसवाल्याचा फोन आला. ‘‘अगं, केबल अशी पडत नाही.’’

मला कळेना. बाक तर सुरेख होता.

‘‘तेच. फार सुरेख आहे. ही दोरीसारखी पडलीय. केबल वर्षभर गुंडाळून ठेवलेली असते, उलगडली तरी तिच्यात वेढे राहतात. दर थोड्या अंतरावर ती परत गोल व्हायला बघते. आणि जॅकपाशी वाकत नाही, तिथं जाड रबर असतं, आधी सरळ जाते आणि मग वळते.’’ त्यानं त्याची जुनी केबल मला आणून दिली. मी ती दिवाणखान्यात जिन्यासारखी पुस्तकं रचून त्यांवर टाकली, पुन्हा टाकली, दहा-बारा वेळा. तो म्हणत होता तसंच. पायरीच्या कडेवर ती वाकत नव्हती, उडी मारत होती आणि खाली टेकली की एका बाजूला कलायची. सुदैवानं मी पुढची बाजूच रंगवून संपवली होती. मागच्या बाजूची केबल नव्यानं आखली, आणि पुढची जिथं जिथं दोरीसारखी होती तिथं काळं आत ढकलून वेढे घातले. पांढऱ्यावर काळं चढवता येतं, ही या पद्धतीतली एकमेव सवलत.

जॅकच्या बाबतीत गिटारवाल्यानं पकडलं. माझ्या जॅकच्या दांड्यावर दोन काळी वलयं होती. मी हेडफोनचा जॅक समोर ठेवून काढला होता. गिटारच्या केबलला एकच वलय असतं, कारण तिच्यात एकच सिग्नल जातो. टोक आणि दांडा, मध्ये त्यांना वेगळं ठेवणारं एक विलगक, तेच वलय. दोन वलयं म्हणजे स्टीरिओ. एक वलय मी ब्लेडनं हलकेच खरवडून काढलं. कुणाला कळलं असतं? त्यांच्यासारखं वाजवणाऱ्या प्रत्येकाला कळलं असतं, आणि हा अल्बम पहिल्यांदा विकत घेणारे बहुतेक तेच असणार होते.

रंगाचा वाद ड्रमरनं काढला. फट पिवळी हवी. नुसती फट. त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, म्हणून मी ट्रेसिंग पेपरवर फट पिवळी करून चित्रावर ठेवून पाहिली. सुंदर दिसली, आणि तीच अडचण होती: नजर फटीवर जाऊन तिथंच बसायची, केबलवर उतरायची नाही. बोलता बोलता ‘रिव्हॉल्व्हर’चा विषय निघाला. 1966 मध्ये, आजूबाजूला रंगांची उधळण सुरू होत असताना, क्लाउस फूरमान यांनी बीटल्सचं ते कव्हर काळ्या शाईच्या रेघा आणि फोटोंची कात्रणं यांत केलं आणि त्याला ग्रॅमी मिळालं. फूरमान स्वतः बेस वाजवत, हे आमच्या बेसवाल्यानं आवर्जून सांगितलं. यानं काही सिद्ध होत नाही, पण ड्रमर हसला आणि पिवळा गेला. त्याऐवजी आम्ही बिनचकाकीचं, किंचित पिवळट कार्ड निवडलं. उजेडाला जो काही रंग आहे तो कागदाचा आहे.

अक्षरं सगळ्यात शेवटी. केबलचीच शिरोरेषा करावी आणि नाव तिला टांगावं, ही सूचना चौघांचीही आणि माझीही पहिली होती. करून पाहिलं. चित्र चित्र न राहता बोधचिन्ह झालं. शिवाय माझ्या केबलला वेढे आणि अक्षरांना एक सरळ आधार हवा, दोघांचंही वाईट झालं. मग बोरू कापला आणि नाव वेगळ्या कागदावर लिहिलं. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, खाली उकार लोंबतात. म्हणजे एका ओळीला तीन मजले लागतात आणि अक्षर लहान केलं की वरचा मजला आधी बुजतो. मी चाळीस-पन्नास वेळा लिहिलं असेल, शिरोरेषा दरवेळी शेवटी, एका ओढीत. निवडलेल्या ओळीत शिरोरेषा उजवीकडे किंचित वर चढली आहे. नाव फक्त मागच्या बाजूवर आणि स्पाइनवर आहे. पुढच्या बाजूला एकही अक्षर नाही, कारण फोनवर चित्राखाली नाव असतंच आणि हातात घेतलं की उलटून वाचता येतं. यासाठी मला बेसवाल्यामार्फत बरंच भांडावं लागलं.

गाण्यांची यादी मात्र दोनदा लिहावी लागली. नऊ नावं एका ओळीखाली एक, अंतरं डोळ्यानं जुळवून, थेट मूळ कागदावर लिहून झाली. चौथ्या दिवशी निरोप आला: क्रम बदलला. पहिली बाजू पंचवीस मिनिटांच्या वर जात होती. रेकॉर्डच्या एका बाजूवर वेळ वाढला की खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, मग आवाजाची पातळी खाली आणावी लागते. विसेक मिनिटांच्या आसपास राहिलेलं बरं. मास्टरिंग करणाऱ्यानं, म्हणजे रेकॉर्डसाठी आवाज शेवटचा बसवणाऱ्यानं, एक लांब गाणं दुसऱ्या बाजूला ढकलायला सांगितलं. त्याचं बरोबरच होतं, त्यांच्या बेसला तेवढी जागा लागतेच. मी ती यादी पांढऱ्या पोस्टर कलरनं झाकली आणि नऊ नावं नऊ सुट्ट्या पट्ट्यांवर लिहिली, म्हणजे पुन्हा क्रम हलला तर नुसत्या पट्ट्या हलतील. एकदा हललाच.

स्कॅनिंगला मी घाबरून होते. माझा स्कॅनर ए-फोर मापाचा. अख्खं चित्र सहा तुकड्यांत घ्यायचं, तुकडे एकमेकांवर भरपूर चढवून. काचेभोवतीच्या उंच कडेवर मोठा कागद चढतो, काचेपासून किंचित उचलला जातो, आणि सपाट, स्वस्त जातीच्या स्कॅनरला काचेला चिकटलेलंच स्पष्ट दिसतं. पहिल्या खेपेला प्रत्येक तुकड्याची एक कड धूसर आली. झाकण काढून टाकलं, कागदावर जाड पुठ्ठा आणि त्यावर शब्दकोश ठेवले, आणि जोड नेहमी कडेपासून दूर, मधल्या भागात येतील असे तुकडे घेतले. 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, जोडून चित्र सुमारे 15,000 बाय 7,400 पिक्सेलचं झालं. मग कागदाचा पोत आणि पोस्टर कलरचे निळसर डाग जातील एवढंच पांढरं वर केलं. काळ्याला हात लावला नाही. ब्रशचे फराटे जिथं एकमेकांवर चढले होते तिथले वळ स्कॅनमध्ये दिसत होते, ते राहू दिले. ऑनलाइनसाठी पुढच्या बाजूची 3,000 बाय 3,000 पिक्सेलची फाइल वेगळी केली, ते अर्ध्या तासाचं काम.

पहिलं प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, आलं आणि माझे हातपाय गळाले. काळा काळा नव्हताच, ओल्या पाटीसारखा होता, आणि पायऱ्यांच्या बारीक रेघा कुठंतरी लालसर, कुठंतरी निळसर. भिंग लावलं तर प्रत्येक रेघ चार रेघांची होती, एकमेकींवर किंचित सरकलेल्या. छापखान्यात कुणीतरी माझी फाइल चार रंगांत उतरवली होती. काळी रेघ चारही शाया मिळून छापली की एक शाई केसभर सरकली तरी रेघेला झालर येते. आणि भरीव काळा मात्र तितक्या शाया असूनही त्या बिनचकाकीच्या कागदात मुरून फिका पडला होता. फोनवर मला सांगण्यात आलं की हाताच्या चित्रात एवढं चालतंच. मी तिथं जाऊन बसले.

मशीनवरच्या माणसानं भिंगातून पाहिलं आणि लगेच मान्य केलं. उपायही त्यानंच सांगितला: रेघा फक्त काळ्या शाईत. भरीव काळ्याखाली 40 टक्के सायनचा, म्हणजे निळसर शाईचा, एक थर, पण तो थर काळ्याच्या कडेपासून अर्धा मिलिमीटर आत ओढलेला. म्हणजे शाई सरकली तरी निळं केबलच्या पांढऱ्यात डोकावणार नाही. त्या रात्री मी सव्वा मीटर केबलच्या दोन्ही बाजूंनी तो थर आत ओढला. पुन्हा तीच कड, यावेळी माउसनं. दुसऱ्या प्रूफमधला काळा खोल होता, त्यात बोट बुडेल असा, आणि केबल त्याच्यावर निखळ कागदाची.

त्याच माणसानं स्पाइनकडे बोट दाखवलं. घडी मशीनवर पडते, काही प्रतींत ती एखादा मिलिमीटर इकडेतिकडे सरकते. 3 मिलिमीटरच्या स्पाइनवर एक मिलिमीटर म्हणजे फार. केबल तिरकी ओलांडत असेल तर घडी सरकली की ती स्पाइनवर चुकीच्या जागी दिसते, तुटल्यासारखी वाटते. मी केबलचा तेवढाच तुकडा आडवा केला, दोन्ही बाजूंना बोटभर. घडी कुठंही पडो, ती सरळच ओलांडणार.

रेकॉर्ड आले त्या दिवशी आम्ही पाचही जण त्याच वरच्या खोलीत होतो. खोकी उघडून चौघं आपापली प्रत उलटीपालटी करत होते, गायिका मागच्या बाजूला जॅकवर बोट ठेवून गप्प बसली होती. मी पंचवीस प्रती बाहेर काढून जमिनीवर आडव्या, एकावर एक रचल्या आणि स्पाइनच्या बाजूनं पाहिलं. प्रत्येक काळ्या स्पाइनवर एक पांढरा ठिपका, केबल जिथं ओलांडते तिथं. कापणी प्रत्येक प्रतीत केसभर वेगळी पडलेली, त्यामुळे ठिपके अगदी एकाखाली एक नव्हते. पंचवीस ठिपक्यांची मिळून वरपासून खालपर्यंत एक उभी रेघ झाली होती, जराशी हलणारी.